जिभेवरची वस्ती

“फुगडी घालताना समोरचीच्या डोळ्यांत बघावं गं बायांनो, म्हणजे भोवळ येत नाही.” पृथ्वीवर असताना आत्याने सांगितलेलं वैजूला मंगळावरही ऐकू यायचं. पण तिची जोडीदारीण सोनल बघेल तर ना! मंगळावर वजन हलकं, फुगडी भिंगरीसारखी फिरे. नेमकी तेव्हाच सोनल मान वळवी. हात सुटत आणि दोघी दोन दिशांना धप्प!

उद्या वसाहतीचा वाढदिवस, सगळ्यांसमोर फुगडी.

“सोनल, तुला माझ्याबरोबरच खेळायचंय ना?”

“हो गं,” जमिनीकडे बघत सोनल म्हणाली नि निघून गेली. त्या ‘हो’त जीव नव्हता. हिला दुसरी जोडीदारीण मिळाली की काय?

तेवढ्यात पारखी आला. वसाहतीतली हवा हुंगत फिरणारा यंत्रमानव तो. कुठे वायू गळला की त्याच्या कपाळावरचा दिवा पिवळा होई. वैजूजवळ येताच दिवा पिवळा झाला!

“अगंबाई! हवेचं यंत्र बिघडलं?”

“यंत्र ठणठणीत आहे, वैजूताई. गंधकाचा वायू आहे, नासक्या अंड्याच्या वासाचा. तुमच्या तोंडातून येतोय.”

“माझ्या? मी सकाळ-संध्याकाळ पेस्ट लावून दात घासते!”

“म्हणून दातांवरचा चिकट थर निघतो. आणि जीभ?”

इथे पाणी जपून वापरायचं, म्हणून वैजूने जीभ घासणं केव्हाच सोडून दिलं होतं.

पारखीने भिंतीवर तिच्या जिभेचं मोठं चित्र उमटवलं. “हे गालिच्यासारखे उंचवटे पाहा. यांत अन्नाचे कण अडकतात. तिथे जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे जीव) वस्ती करतात. कणांतली प्रथिने (शरीर घडवणारा अन्नघटक) फोडताना ते हा वायू सोडतात. जिभेच्या मागच्या भागात वस्ती दाट. तोंड कोरडं पडलं की त्यांची चंगळच.”

“म्हणजे मी उंबरा धुतला नि अंगण झाडलंच नाही!”

“अगदी. पेस्टमधला पुदिना वास नुसता झाकतो. काही पेस्टमधलं जस्त वायूला धरून ठेवतं. पण वस्ती हलवायची तर जीभ घासायला हवी. मागून पुढे, हलक्या हाताने. चमचाभर पाणी पुरतं. तरीही वास राहिला तर दंतवैद्यांकडे जायचं.”

वैजूने जीभ घासली. एकदा ‘ऑक्’ झालं, पण पिवळट थर निघाला. चूळ भरून तिने पारखीच्या तोंडावर मोठ्ठा ‘हाऽऽ’ केला. दिवा हिरवा! तिचा जीव भांड्यात पडला.

दारात सोनल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“म्हणून मान वळवायचीस होय?” वैजूने विचारलं.

“तू रडशील म्हणून सांगितलं नाही गं. वास यायचा.” सोनलने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. “आणि अजून एक सांगू? हसू नकोस हं. जीभ मीसुद्धा कधी घासत नाही. आधी मला शिकव, मग उद्या खेळू.”