चुलीपाशी तीन तिपाया

ऑनोराने दार ढकललं, आणि आईने साधी किंकाळीसुद्धा फोडली नाही! छातीवर क्रूसाची खूण केली, मान वळवली, आणि ती विस्तवावरच्या जळाऊ मातीच्या ढेपा सारख्या करत बसली. सात वर्षं व्हॅन डिमनच्या बेटावर शिक्षा भोगून, एका अधिकाऱ्याच्या मुलांची दाई बनून अर्ध्या जगाचं पाणी ओलांडून आयर्लंडला परत आलेल्या लेकीचं हे असं स्वागत!

मग तिच्या ध्यानात आलं. आज मृतात्म्यांची सांज! आज दाराला कडी नसते, चुलीपाशी गेलेल्यांसाठी तिपाया मांडतात. जो येईल त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. आणि त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही, घेणारा वर्षाच्या आत त्याच्यामागे जातो.

"आई, मी जिवंत आहे गं!"

"लक्ष देऊ नकोस, शिवॉन," कोपऱ्यातून शेजारची पेग म्हातारी कुजबुजली. "सगळेच तसं म्हणतात. माझा नवरा गेल्या वर्षी हेच म्हणाला."

ऑनोराच्या अंगावर सर्रकन काटा आला. जिवंत...? कैदी बायकांची गाडी कॉर्कच्या बंदराकडे निघाली, त्या दिवशी याच उंबऱ्यात आईने पेगकडून तिचा मर्तिकाचा विलाप करवला होता. "चोरटी लेक मला मेली!" आई म्हणाली होती. केस सोडून पेग रडत होती, आणि आईच्या मागे धाकटी युना शालीचा पदर चावत पांढरीफटक उभी होती. ज्यासाठी शिक्षा झाली, ते फ्लॅनेलच्या कापडाचं ठाण युनानेच चोरलं होतं... आणि ऑनोराने आपण चोरलं म्हणून सांगितलं होतं. तो विलाप जहाजाच्या तळातही तिची पाठ सोडीना. डॉक्टर नाडी बघायचा तेव्हा ती लागते कशी, याचंच तिला नवल वाटे. आईने एकदा नावाने हाक मारावी, एवढ्याच आशेवर ती अभागिनी तगली होती!

ती चुलीजवळ सरकली. तीन तिपाया होत्या. एक बाबांची. एक तिची. तिसरी बुटकी... तिच्यावर युनाची निळी शाल घडी करून ठेवलेली.

"युना कुठंय?"

पेगने हळूच त्या तिपाईकडे पाहिलं, आणि ऑनोराने निळ्या शालीवर हात ठेवला. जिच्यासाठी आयुष्य उधळलं, तीच उरली नव्हती!

आई विस्तवाकडे बघतच बोलू लागली, जणू त्यालाच सांगत होती. "बटाटे कुजले त्या वर्षी तापाने गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, कापड मी चोरलं होतं, आई... ताई उगीच गेली." तिने कपाळ बडवलं. "आणि मी करंटी! हाडामांसाच्या पोरीचं मर्तिक केलं!"

"तोंड आवर, शिवॉन!"

पण आई वळली होती. सरळ डोळ्यांत बघत होती.

"नाव घेशील तर वर्ष काढणार नाहीस!" पेग ओरडली.

"काढून कुणासाठी गं?" आईने हात पुढे केले. "नेतेस तर ने मला. पण एकदा ऐकून घे... ऑनोरा! माझ्या ऑनोरा! चुकले मी!"

ऑनोराच्या आसवांनी आईचे तळवे भिजले. आई दचकली. तिने गाल चाचपले, कान चाचपले, कपाळावर ओठ टेकले.

"पेग... ही गरम आहे गं!"

"माझा नवरा गार होता," पेग बारीक आवाजात म्हणाली.

मग हुंदके, मिठ्या, अर्धवट वाक्यं... आईने लेकीची तिपाई ओढून त्या रांगेतून बाहेर काढली, दूर भिंतीशी ठेवली, आणि तिला आपल्या शेजारी बसवून दूध पाजलं.

एवढ्यात बिनकडीचं दार किंचित उघडलं. वारा नव्हता. विस्तवाचा जाळ एका बाजूला कलला, आणि बुटक्या तिपाईवरची शाल कुणीतरी पदर चावावा तशी टोकाशी गोळा झाली. पेगने डोळे गच्च मिटले.

सात वर्षं ऑनोराने युनाला सुनवायला मनाशी कडू शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही आता तिला आठवेना. तिने आईकडे पाहिलं. आईने तिचा हात घट्ट धरला, पण अडवलं नाही.

"युना," ऑनोरा मोठ्याने म्हणाली, "ये बाळ, बस. मी आले गं घरी."