तात्यारावांचं लॉगिन

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सकाळपासून पावसाची भुरभुर लागली होती. वैशाली मेट्रो स्टेशनवरून ई-रिक्षाने डायलिसिस केंद्रापर्यंत पोचेस्तोवर तनयाची ओढणी, केस आणि मूड, तिन्ही ओले झाले होते.

तशी ती घरून निघाली तीच रागात. केंद्राच्या पेशंटसाठी मोबाइल ॲप तिने बनवलं होतं. एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइड, आयफोन, दोन्हींवर चालवायचं. तीन महिने जीव ओतला होता तिने त्यात. आणि आता आठवडाभर एकच रड: पेशंट मध्येच लॉगआउट होतात! सर्व्हर आणि लॉगिनचं काम नोएडातल्या दुसऱ्या कंपनीकडे होतं. तिथे कुणी एस. गव्हाणे बसायचे. त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी एकच वाक्य असायचं, "प्लीज चेक ॲट युअर एंड."

"आज स्वतः जाते, पुरावे गोळा करते आणि त्या गव्हाणेंच्या टेबलावर ठेवते," असं सकाळी चहा पिताना तिने आईला ठणकावून सांगितलं होतं. आई फक्त "छत्री घे" म्हणाली. ती तिने घेतली नव्हती.

केंद्राच्या हॉलमध्ये शिरली, तर कानावर चक्क मराठी आलं.

"आजोबा, घाई नाही. नीट सांगा, काल काय काय केलंत?"

माकडटोपी घातलेले एक आजोबा बाकावर टेकून बसले होते. पावलं सुजलेली, श्वास जड. शेजारी आजी त्यांचा हात धरून. आणि त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून एक तरुण बसला होता. चेकचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात आजोबांचा फोन. तनयाच्या केसांतून टपकन एक थेंब त्याच फोनवर पडला.

त्याने वर पाहिलं… आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सॉरी," ती म्हणाली. "बाहेर पाऊस आहे."

"मावठ," तो म्हणाला.

"माव… काय?"

"मावठ. हिवाळ्यात अवेळी येतो ना, त्या पावसाला म्हणतात. तुम्ही मराठी ना?"

"मराठीच. पण दिल्लीतल्या मयूर विहारची."

"अच्छा… मग माफ आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. डोळे मात्र हसत होते. तनयाला राग आला पाहिजे होता. आला नाही.

आजोबांचं नाव तात्याराव. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी गाझियाबादला आले आणि इथलेच झाले. सोमवार-गुरुवार त्यांचं डायलिसिस असायचं. आदल्या दिवशी सहाच्या आत ॲपवर 'येणार' हे बटण दाबायचं, नाहीतर ती खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या पेशंटला जायची. आज त्यांची खुर्ची गेली होती.

"पण मी दाबलं होतं गं पोरी," धाप लागत ते म्हणाले. "हिरवी खूण आली होती. विचार हिला."

"माझ्यादेखत आली," द्वारकाआजी म्हणाल्या. "मग जरा वेळाने बघतो तर पुन्हा नंबर मागतंय. दुपारी आमच्या मुलाने, चिरागने, बंगलोरहून उघडलं होतं, यांच्याच नंबरावरून. यांनीच त्याला तो ओटीपी सांगितला फोनवर."

ती हिरवी खूण तनयाची होती. ॲप झटपट वाटावं म्हणून तिने ती सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच दाखवली होती. चिरागने लॉगिन केलं, तात्याराव त्याच क्षणी बाहेर फेकले गेले. त्यानंतर त्यांनी दाबलेलं 'येणार' सर्व्हरपर्यंत गेलंच नाही. आणि खूण मात्र आली… हिरवीगार.

"एका नंबरावर एकच फोन चालेल," समोरचा तरुण हळूच म्हणाला, जणू स्वतःशीच. "हा नियम मीच लिहिला होता."

"तुम्ही?" तनयाने चमकून विचारलं.

तेवढ्यात आतून हेड नर्स अहिल्या मॅडम आल्या. इंदूरच्या, मराठी-हिंदी दोन्ही एका दमात बोलायच्या. "अरे वा, दोन्ही पार्ट्या एकदमच! ही तनया पाध्ये, ॲपवाली. हा शार्दूल गव्हाणे, सर्व्हरवाला. आता आपसमें भांडून घ्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टी. पाध्ये…" शार्दूल पुटपुटला. "मला वाटलं, त्र्यंबक वगैरे असतील. तापट."

"आणि मला वाटलं, तुम्ही रिटायरमेंटला आलेले असाल."

हसू दोघांच्याही ओठांपर्यंत आलं होतं, पण तात्यारावांना खोकला आला आणि ते तिथेच थांबलं.

दोन तासांनी एक पेशंट न आल्यामुळे खुर्ची रिकामी झाली आणि तात्यारावांना आत नेलं. तोवर दोघंही तिथून हलले नाहीत. अहिल्या मॅडमनी परत येऊन सरळ सांगितलं, "मार्चचा पहिला सोमवार. तोवर ठीक झालं तर झालं. नाहीतर मी माझं जुनं रजिस्टर काढते. मेरा रजिस्टर कभी लॉगआउट नहीं होता."

त्या गेल्यावर तनया म्हणाली, "चूक माझी आहे. अर्धी."

"उरलेली माझी."

"मग मेल नको. इथेच बसून करू. पेशंटसमोर."

"बिल्कुल," शार्दूल म्हणाला.

केंद्राच्या मागच्या बाजूला चादरींची कपाटं ठेवलेली एक खोली होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक हट्टी हीटर. रोज दहाला दोघं तिथे हजर. तनया मयूर विहारहून, शार्दूल नोएडा सेक्टर पंधराहून. पहिल्या दिवशी 'तुम्ही' होतं. तिसऱ्या दिवशी तनया वैतागून "अरे यार, हे टोकन तू तासाभरात का मारतोस?" असं बोलून गेली आणि मग परतीची वाट राहिली नाही.

"टोकन म्हणजे पास गं," तो म्हणाला. "पास कायमचा दिला आणि फोन चोरीला गेला, तर? म्हणून तासाचा. संपला की ॲपने गुपचूप नवा मागायचा. तुझं ॲप मागत नाही. रुसून दारात बसतं."

"माझं ॲप रुसत नाही!"

"मालकिणीवर गेलंय," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. तनयाने कीबोर्डवर उगाच जोरजोरात काहीतरी टाइप केलं. सगळं पुसावं लागलं.

मूळ अडचण लॉगिनमध्ये नव्हतीच, हे त्यांना पेशंटच्या शेजारी बसून कळलं. एका बाईंचा नंबर मानेसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाच्या खिशात होता; शिफ्टमध्ये फोन गेटवर जमा, मग ओटीपी सांगणार कोण? कुणाचं सिम दर सहा महिन्यांनी बदलायचं. एका घरात तीन माणसं मिळून एकच फोन वापरत होती.

"म्हणजे आपण माणूस ओळखतच नाही आहोत," तनया एका दुपारी म्हणाली. "नंबर ओळखतोय."

शार्दूलने पेन खाली ठेवलं. "मग पेशंटचं खातं वेगळं करू. नंबराला न बांधलेलं. केंद्राच्या कार्डावर कोड छापायचा. नर्सने समोर बसून एकदा स्कॅन केला की तो फोन त्या पेशंटला जोडला. ओटीपी नाही."

"आणि चिरागसारख्यांना स्वतःचं लॉगिन, वडिलांच्या खात्याला जोडलेलं. कोणी कोणाला बाहेर काढणार नाही!"

"पाध्ये, तू भारी आहेस."

हे त्याने अगदी साधेपणाने म्हटलं. त्या दिवशी चहा आला तेव्हा त्याने आपल्या बशीतल्या खाऱ्या, खुसखुशीत मठरीचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने तो खाल्ला. एरवी तिला मठरी आवडत नसे.

शार्दूल जिंतूरचा. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आला होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेतच गेला. अभ्यासिकेतल्या जागांच्या नोंदीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तेच काम आवडून गेलं.

"वाईट वाटतं?" तिने विचारलं.

"पहिलं वर्षभर वाटलं. आई विचारायची, 'साहेब कधी होणार?' आता सांगतो, काम करतो ते लोकांच्या उपयोगी पडतं. मग परवा तात्यारावांची पावलं पाहिली…" तो थांबला. "म्हणून हे नीट व्हायलाच पाहिजे, तनया."

त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. हीटर आज जरा जास्तच तापलाय, असं तिला वाटलं.

अकराव्या दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, "पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंय. डिसेंबरमध्येच मुलाखत झाली होती. मार्चच्या पहिल्या बुधवारची गाडी."

"अच्छा," तनया म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "अच्छा." आणि मग कामाला लागली. कारण रडू आलं असतं, आणि चादरींच्या खोलीत रडायला तिला वेळ नव्हता.

शुक्रवारी चाचणी घेतली. आयफोनवर सगळं लख्ख चाललं. पण पेशंटकडचे जुने अँड्रॉइड फोन बंद करून चालू केले की पास विसरायचे. सात फोनांपैकी चार. तनयाच्या बॉसने फोनवर सांगितलं, "छोडो ना. ओटीपी परत लावून टाक. जुन्या फोनांसाठी कुठे मरायचं?"

"नाही, सर," ती म्हणाली. "इथे जुनेच फोन आहेत."

"सोमवार जवळ आलाय, तनया."

"माहीत आहे. सोमवारीच देते."

फोन ठेवून तिने वर पाहिलं. शार्दूल तिच्याकडे बघत होता. कौतुक होतं त्या नजरेत, आणि आणखीही काहीतरी… ज्याच्याकडे बघायचं तिने टाळलं. शनिवार-रविवार दोघं केंद्रातच होते. त्या फोनांत पास ठेवायच्या कुलुपाची किल्लीच फोन बंद झाल्यावर हरवत होती. तनयाने तो भाग मुळापासून नव्याने लिहिला. किल्ली हरवलीच, तरी ॲपने फोनची नोंद दाखवून सर्व्हरकडून नवा पास मागावा, अशी सोय शार्दूलने त्याच्या बाजूने केली. रविवारी दुपारी चार वाजता सातवा फोन तिसऱ्यांदा बंद करून चालू केला. तात्यारावांच्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं नाव पडद्यावर जसंच्या तसं उमटलं. दोघांनी एकदम श्वास सोडला. कुणीच टाळी वगैरे दिली नाही. हात नुसते टेबलावर होते, बोटभर अंतरावर.

सोमवारी तात्याराव खुर्चीत बसले होते. अहिल्या मॅडमनी त्यांचं कार्ड स्कॅन केलं. बंगलोरहून चिरागने त्याच्या फोनवर लॉगिन केलं. आजोबांनी गुरुवारचं 'येणार' दाबलं. तनयाने मुद्दाम वाय-फाय बंद करायला लावलं होतं. हिरवी खूण आली नाही. 'पाठवत आहोत, थांबा' असं आलं. मग वाय-फाय सुरू केलं आणि मगच ती खूण उगवली.

"आता ही खरी ना गं?" तात्यारावांनी विचारलं.

"खरी, आजोबा. शंभर टक्के."

द्वारकाआजींनी दोघांच्याही पाठीवरून हात फिरवला. अहिल्या मॅडम म्हणाल्या, "चलो, रजिस्टर कपाटात." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालं नव्हतं.

संध्याकाळी पाचला दोघं वैशाली स्टेशनवर आले. एरवी तनया महिलांच्या डब्यात चढायची. आज ती चालत चालत शार्दूलच्याच डब्यापर्यंत आली. त्याने काही विचारलं नाही.

गाडी सुटली. आनंद विहारला तिला उतरून दुसरी मेट्रो धरायची होती. मध्ये एकच स्टेशन. तनयाने हिशेब केला: चार मिनिटं असतील फार तर.

"शार्दूल, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

"बरं."

"बोलू नको म्हटलं ना." तिने खांब घट्ट धरला. "मला तू आवडतोस. म्हणजे… साधं आवडणं नाही. तू पुण्याला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. जायचं तर जा. पण हे माहीत असून जा. नंतर मला वाटायला नको, की सांगायचं राहिलं."

कौशांबी आलं. दारं उघडली, मिटली. तो तिच्याकडे नुसता बघत होता.

"आता बोललास तर चालेल," ती कशीबशी म्हणाली.

तो बोलला नाही. आनंद विहार आलं. तनया मान ताठ ठेवून उतरली आणि गर्दीतून चालायला लागली. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. दारं मिटल्याचा आवाज आला. गाडी गेली.

"पाध्ये! अगं, हळू…"

ती वळली. तो फलाटावर उभा होता, धापा टाकत, बॅगेचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला.

"दोन वर्षं निबंध लिहिले मी," तो म्हणाला. "हजार-हजार शब्दांचे. आणि मघाशी एक वाक्य जुळेना. मला दहा दिवसांपासून सांगायचं होतं. पण जाणाऱ्या माणसाने कुणाला अडकवू नये, असं वाटलं."

"अडकायचं की नाही, ते मी ठरवेन ना!"

"हो. तूच ठरव." त्याचा आवाज खाली आला. "मला तू हवी आहेस, तनया. पुण्यात, दिल्लीत, कुठेही."

आजूबाजूने माणसं वाट काढत जात होती. कुणीतरी "भैया, साइड में" म्हणालं. तनयाने त्याचा हात धरून त्याला खांबाच्या आडोशाला ओढलं… आणि मग हात सोडला नाही.

"ॲप पुण्यात बसूनही लिहिता येतं," ती म्हणाली. "आणि सर्व्हर दिल्लीतूनही सांभाळता येतो. कोण कुठे, ते बसून ठरवू. एवढं सगळं बसूनच केलं ना आपण?"

"माझी बुधवारची गाडी आहे. जायच्या आधी तुझ्या आईबाबांना भेटावं म्हणतो. उद्या येऊ?"

"उद्या कशाला? आत्ता चल."

"आत्ता? असा? हा शर्ट बघितलास का?"

"बघितला. चालेल."

सरकत्या जिन्यावर चढताना तिने दुसऱ्या हाताने घरी फोन लावला.

"आई, आज पोळ्या दोन जास्त कर."

शार्दूल तिच्या कानाशी वाकला. "चार," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नाही मी."

"आई, चार कर."

"अगं, पण येतंय कोण?" पलीकडून आईने विचारलं.

"गव्हाणे," तनया म्हणाली. "बाकीचं तो स्वतःच सांगेल."