लाली उतरली की ये

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याने माझी मान नळाखाली दाबून धरली होती.

लाँड्रीत डाग काढायच्या रसायनाचा कॅन फुटला आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत आग उठली. कपडे न्यायला आलेला हा अनोळखी ड्रायव्हर बोटांनी माझ्या पापण्या उघड्या धरून पाणी सोडत होता... तब्बल अर्धा तास! मी त्याला नाही नाही ते बोलले.

"शिव्या द्या हो खुशाल," तो म्हणाला, "पण डोळे मिटू नका."

पुढे दवाखान्यात तासातासाला थेंब घालायला ताई आणि गप्पा मारायला तो. बुबुळं पांढुरकी झाली होती, नुसता उजेड कळायचा. तो मला आवाजावरूनच आवडला. बुबुळाच्या कडेच्या पेशी जळाल्यात, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यातून घेऊन लावाव्या लागतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा हा लगेच पुढे सरसावला.

"रक्ताच्या नात्यातल्या बऱ्या," त्या म्हणाल्या.

"आणि... लग्न केलं तर?"

"लग्नाने पेशी जुळत नाहीत!"

पेशी ताईने दिल्या, स्वतःच्या धडधाकट डोळ्यातून. तिसऱ्या आठवड्यात मला खिडकीचे गज मोजता आले. तो लांबच्या फेरीवरून परतला होता, लगेच यायला निघाला. मीच फोनवर अडवलं — "डोळ्यांची लाली उतरली की ये." त्याने याहून वाईट पाहिले होते, पण तेव्हा मी त्याच्याकडे बघत नव्हते ना... केवढी ही मिजास!

लाली उतरली, पण पाठोपाठ धुकं आलं. गज पुन्हा एकमेकांत मिसळले. पेशी रुजत नव्हत्या. ताईला कुठल्या तोंडाने सांगणार? मी गप्प बसले.

तो आला. दारात एक अंधूक आकार उभा राहिला.

"मग? पसंत?"

"निळा शर्ट शोभतो तुला..." मी अंदाजाने ठोकून दिलं.



"हो ना... खास आजच्यासाठी घेतला," तो म्हणाला.

माझ्यामागे ताईला हुंदका फुटला.

तो जवळ येऊन बसला. "शर्ट पिवळाय गं. किती दिवस झाले?"

"आठ."

"चल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

त्याच्या गाडीत मी रडत म्हटलं, "दिसत होतं तेव्हा तुला एकदाही बघितलं नाही रे."

"बरंच झालं. मी फार देखणा आहे, असं आता बिनधास्त सांगता येईल," तो म्हणाला... आणि गाडी त्याला रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवावी लागली.