कोरडं बाळ

बार्शीत पाणी आता माणशी दोन बादल्या मिळायचं, त्यामुळे घरात बाळ येणार म्हटलं की आधी लंगोटांची चर्चा व्हायची. ओवीला सातवा लागला तेव्हा डॉ. वसुधा नाईकनवरे यांनी प्रसूतिगृहातल्या टेबलावर तीन प्रकार मांडले. पहिला सुती, घडीचा. दुसरा खिशाचा, म्हणजे आतली घडी तेवढी काढून धुवायची. तिसरा राखाडी, हाताला किंचित कोमट लागणारा.

"हे सजीव कापड," डॉक्टर म्हणाल्या. ते त्यांनीच प्रयोगशाळेत घडवलं होतं. "विरजणात असतात तसे जिवाणू याच्या धाग्यांत राहतात. बाळाची शी-शू हेच त्यांचं अन्न. ते ती पचवतात, मागे चिमूटभर भुकटी उरते. ती झटकली की झालं. पाणी नको, आणि बाळ सदा कोरडं."

ओवीच्या सासूबाई, स्नेहलताई, कापड चाचपत म्हणाल्या, "ओलं झालंच नाही, तर बाळाला उचलायचं कधी?"

"आई, उचलायला कारण कशाला लागतं?" ओवी हसली. तिने तिसरा निवडला.

रुंजी जन्मली ती शांतच. भूक लागली की कुरकुरायची, उशीला टेकवून बाटली दिली की गप्प. एरवी पाळण्यात जागी पडून राहायची. ओवी घरूनच काम करायची. उचलायला कारण लागत नाही हे खरं, पण कारण नसलं की राहून जातं. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस गं! किती शहाणं लेकरू!"

आठव्या महिन्यात एका सकाळी रुंजीच्या उशीवर पिवळा डाग दिसला. कान फुटला होता. अंग तापाने भाजत होतं, आणि ती टक्क डोळ्यांनी छताकडे बघत होती.

"हे बऱ्याच दिवसांचं दुखणं आहे," कानाचे डॉक्टर म्हणाले. "मूल किंचाळलं असेल. तुम्ही ऐकलं नाहीत?"

त्या कानाने तिला पुन्हा ऐकू येणार नव्हतं. ओवी तिथेच हमसून रडली. मांडीवरची रुंजी तिच्याकडे कुतूहलाने बघत राहिली.

रुंजीला सासूबाईंकडे सोपवून ओवीने थेट नाईकनवरे डॉक्टरांना गाठलं. "ती रडली का नाही, मॅडम?"

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं.

"रडणं उपजत असतं. पण रडलं की कुणीतरी येतं, हे बाळाला शिकावं लागतं. ओला लंगोट ते रोज शिकवायचा. आई यायची, पुसायची, बोलायची, पापा घ्यायची. रुंजीला एवढंच कळलं, की रडलं की दूध येतं. माणूस येतं, हे नाही. मग दुखल्यावर ती हाक कुणाला मारणार?"

"आता शिकेल?"

"माहीत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं गं." त्या उठल्या. "ती एकटी नाहीये. चल माझ्याबरोबर."

मागच्या गल्लीत पाळणाघर होतं. राखाडी लंगोटांतली मुलं सतरंजीवर बसली होती, काही रांगत होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मुलांचा नाही.

खिडकीपाशी एक मुलगी तोल जाऊन खुर्चीवर आपटली. ओठ फुटला. तिने ओठाला हात लावला, लाल बोटं पाहिली आणि कोपऱ्यात जाऊन आडवी झाली.

ओवी धावली. तिने मुलीला उचलून छातीशी घट्ट धरलं. पण ती बिलगली नाही. हनुवटीवरून रक्त ओघळत असताना तिने मान मागे घेतली, आणि ओवीच्या तोंडाकडे न बघता तिच्या हातांत बाटली शोधू लागली.