मऊ भाताचं स्थळ

पाटणच्या बाजारात अळंबीच्या शेवटच्या वाट्यावर दोन हात एकदमच पडले. एक अंजनाचा. दुसरा केरबाचा, म्हणजे मुंबईच्या एका बड्या हॉटेलातल्या कुकचा. तो रजेवर आला होता.

"तुमीच घ्या," तो म्हणाला. हात मात्र काढला नाही.

"तुमी काय करनार हुता हिचं?"

"क्रीमी मश्रूम रिझोटो."

"म्हंजे?"

"अळंबी घालून सायीतला भात. शिजंपतूर ढवळत ऱ्हायचं."

"मग भात म्हना की सरळ!"

"मेनूवर भात लिवला तर सायेब खात न्हाई..."

ती हसली. भुरभुर पावसात पदर सावरत तिनं अर्धी अळंबी त्याच्या रुमालात ओतली. त्यानंतर दर बाजारी दोघांनाही अळंबीची नड पडू लागली.

अखेर अंजनाचे वडील नाथाजी, फौजेतले निवृत्त हवालदार, स्थळ बघायला आले. केरबा स्वतः चुलीपुढं बसला. ताटात पांढरा, ओघळता, लोण्यानं चकाकणारा भात आला. नाथाजींनी एक घास घेतला आणि आवाज खाली आणून केरबाच्या आईला, राहीबाईला विचारलं,

"घरात कोन आजारी हाय?"

"न्हाई वो! केरबा मुंबैत बी ह्योच भात करतोय."

"रोज?"

"रोज!" राहीबाई अभिमानानं म्हणाली.

स्थळ तिथंच मोडलं. आपल्याकडं असा भात तापकऱ्याला, नाहीतर दात पडलेल्याला. केरबाचे दात शाबूत होते, तेव्हा बिघाड पोटातच असणार. दुसऱ्या दिवशी निरोप आला: पोटाच्या दुखणेकऱ्याला पोरगी देत नाही.

रजा संपली. एस.टी. स्टँडवर केरबा ट्रंकेवर बसला होता, तोच अंजना तडक समोर आली.

"आबांनी व्हकार दिलाय."

"मी धडधाकट हाय ह्ये पटलं त्यांस्नी?"

"छ्या! त्ये पटायला जल्म गेला असता. मी म्हनलं, असू द्या आजारी. पथ्यपानी मी बघीन. पर दादला करीन तर... ह्योच."

गाडी लागली, तो चढला. अंजना खिडकीखाली आली, इकडंतिकडं बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली,

"खरं सांगा... प्वाट बरं हाय न्हवं?"

म्हणजे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं होकार आधी दिला होता, चौकशी आत्ता करत होती. केरबानं खिडकीचा गज घट्ट धरला.

"बरं हाय," तो कसाबसा म्हणाला.

"मग लगीन हुईपतूर आबांना पटवाय जाऊ नगा."