डॉक्टर अक्कलदाढची खुर्ची

अंधेरीला चार बंगल्याजवळ माझी एडिटिंगची खोली आहे. लवूदादा तळगावकर तिथे आला की आधी चपला काढायचा, मग शर्टाचं वरचं बटण सोडायचा आणि म्हणायचा, "दाखव मेल्या, काय वाट लावलीस ती." मग पडद्याकडे पाठ करून बसायचा. आपलं काम बघायचं नाही आणि भिंतीकडे तोंड करून हसायचं, ही त्याची पद्धत होती. पहिल्या रांगेतला पोरगा कसा हसेल, मागची जाडी बाई किती वेळ हसेल, नवऱ्याने कोपर मारल्यावर ती कशी थांबेल, हे सगळं तो एकटा हसून दाखवायचा. तेवढी जागा मी सिनेमात मोकळी सोडायची.

"हशाक जागा सोड रे," तो म्हणायचा. "माणसांका हसाक येळ लागता. आणि शिनेमा तुझ्या या खुराड्यात पुरो होणा नाय, थेटरात होता."

ही त्याची रंगभूमीवरची सवय. दुसऱ्यांच्या विनोदी सिनेमांत पुढचं वाक्य हशाखाली बुडतं. लवूदादाचं एकही वाक्य कधी बुडालं नाही. त्याच्यासारखा कान असलेला नट मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी त्याच्या प्रेमापोटी सांगत नाही. प्रेम होतंच, पण ते वेगळं.

त्याचा शेवटचा सिनेमा 'डॉक्टर अक्कलदाढ', लिहिलेला त्यानेच आणि डॉक्टरही तोच. लहानपणी त्याने जे खलनायकांचे सिनेमे पाहिले, गुहेतले अड्डे, लाल दिव्यांची बटणं, मांडीवर मांजर, पायाखाली उघडणारी फळी, त्या सगळ्यांची ही टिंगल होती. डॉक्टर अक्कलदाढला अख्ख्या शहराचे दात उपटायचे असतात, म्हणजे कुणी दात काढून हसणार नाही. मांजराची त्याला ॲलर्जी, म्हणून मांडीवर कोंबडा. नायकाला बांधून तो आपला बेत सविस्तर सांगतो, आणि सांगता सांगता नायकाला झोप लागते. हे सगळं लवूदादाने इतक्या गंभीरपणे केलं होतं की हसताना त्या खलनायकाची दया यायची. "बिचाऱ्याचा सगळा प्लॅन बरोबर असता," तो म्हणायचा, "फक्त भाषणाची हौस नडता."

शेवटच्या शॉटमध्ये डॉक्टर खुर्चीत पाठमोरा बसलेला असतो. खुर्ची घाटकोपरच्या एका बंद पडलेल्या सलूनमधली, फिरती. तो वळतो आणि शेवटचं वाक्य बोलतो. ते वाक्य त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. शॉटही मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. मला मात्र त्याने फोनवर त्याची लय सांगून ठेवली होती, "हय वळतंय, हय थांबतंय, हय हसतले, हय बोलतंय, हय परत हसतले," आणि मी एडिटिंगच्या टायमलाइनवर त्या दोन हशांच्या खुणा करून ठेवल्या होत्या.

तो दिवस आलाच नाही. आदल्या पहाटे बोरिवलीच्या घरी लवूदादा झोपेतच गेला.

आमच्या हातात होता तो फक्त लाइट बघण्यासाठी घेतलेला शॉट, रिकाम्या पाठमोऱ्या खुर्चीचा. मी तोच लावला. त्याने सांगितल्या तेवढ्याच लांबीचा, खाली कुठलंही संगीत न घालता. निर्माते शेट्येसाहेबांना ते पटलं नाही. एक दिवस ते खोलीवर आले आणि म्हणाले, "सुयोग, लोक काय रिकामी खुर्ची बघायला येणार काय रे? मालाडला एक कंपनी आहे. कॉम्प्युटरवर हुबेहूब चेहरा करून देतात. आवाजपण."

सुगंधावहिनी, लवूदादाची बायको, तिथेच होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तो मशीनचा चेहरा माझ्या नवऱ्याक लावू नकात."

शेवटी शेट्येसाहेबांनी मधला मार्ग काढला. सिनेमा आहे तसा लावायचा. पहिल्या आठवड्यात लोकांनी शेवट उचलून धरला तर ठीक, नाहीतर मालाडचा चेहरा बसवून नवी कॉपी सगळीकडे पाठवायची. लवूदादाच्या शेवटच्या कामाचं शेवटचं पान दुसरंच कुणी लिहिणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

पहिला शो मी बोरिवलीला पाहिला, बायकोला घेऊन. रुचिरा माझ्या शेजारी होती, आम्ही मागून तिसऱ्या रांगेत उजवीकडे. सिनेमा छान चालला. शेवटची खुर्ची आली. हॉलमध्ये कुणीतरी "अरे, हे काय!" म्हणालं. आणि लगेच अर्धा हॉल हसला.

ते हसणं नेमकं पहिल्या खुणेवर आलं.

मग शांतता. मग दुसऱ्या खुणेवर दुसरा हशा, जास्त मोठा. तो चालू असताना पुढची पुष्कळ माणसं मागे वळून माझ्याकडे बघत होती. रुचिरासुद्धा डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, सिनेमाचा एडिटर इथे बसलाय हे लोकांना कळलं असावं. उरलेला अर्धा हॉल उठून बाहेर निघाला होता. दारात एक गृहस्थ मोठ्याने म्हणत होते, "सरळसरळ फसवणूक आहे. नट मेला म्हणून काय खुर्ची दाखवायची?"

रिक्षात रुचिरा म्हणाली, "कधी शूट केलंत रे ते? मला बोलला नाहीस."

"काय?"

"शेवटचा सीन. गाल हा एवढा सुजलेला, वर रुमाल बांधलाय आणि चेहरा किती भयानक करायला बघतोय. जगाचे दात उपटणाऱ्याचीच दाढ दुखतेय! मी मेले हसून."

हा विनोद शंभर टक्के लवूदादाचा होता. रुचिरा हुशार आहे, पण तिला असं काही सुचणं शक्य नाही. मलाही नाही.

"आणि काय म्हणतो तो?" मी विचारलं.

"असं काय करतोस? तूच कापलास ना?" तिने लवूदादाचा आवाज काढायचा प्रयत्न केला. "'सगळ्यांचं झालं. तू राहिलास. तुझ्याकडे मी शेवटी येतो.' आणि बोट दाखवतो ना, बरोब्बर आपल्याच दिशेला. म्हणून तर सगळे वळले."

घरी गेल्यावर मी लॅपटॉपवर तो शॉट लावला. रुचिराने तो पूर्ण पाहिला. खुर्ची, तिची फाटकी पाठ, वरचा दिवा. "ही ती कॉपी नाही," ती म्हणाली. मी ही एकच आहे असं सांगितल्यावर ती चिडली.

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. सामूहिक भ्रम, सूचना, दुःखाचे परिणाम, हे सगळं मी स्वतःला समजावलं. पण परीक्षणं येऊ लागली आणि तीही अशीच दुभंगलेली. एकाने लिहिलं, अपुरं काम माथी मारलंय, शेवटी निव्वळ रिकामी खुर्ची. दुसऱ्याने लिहिलं, शेवटच्या मिनिटात तळगावकरांनी जे केलंय ते पाहून हसू की रडू कळेना. लोक एकमेकांना मूर्ख ठरवत भांडत होते. आपण दोन वेगळे सिनेमे पाहिलेत हे कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

मग मी घाटकोपरला गेलो. मुद्दाम पुढे, डावीकडे, खांबाला लागून बसलो. खुर्ची आली. पहिल्या खुणेवर हसले. दुसऱ्या खुणेवर हसले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला काहीही दिसलं नाही. हे मला सांगायचंय. भीतीपेक्षा मला राग जास्त आला. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं हशाच्या जागा राखल्या, तो पोराटोरांना दिसतो, रस्त्यावरून तिकीट काढून आलेल्यांना दिसतो, आणि मला फक्त खुर्चीची पाठ.

सुगंधावहिनींनी अजून सिनेमा पाहिला नव्हता. त्यांना सांगावं की नाही हे ठरेना, पण शेवटी गेलो. त्या स्वयंपाकघरात कोकमं निवडत होत्या. मी रुचिराने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या. रुमालाचं बोललो तेव्हा त्यांचा हात थांबला.

"कसलो रुमाल?"

"निळ्या चौकड्यांचा म्हणे. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ."

वहिनींनी कोकमांचं ताट बाजूला सारलं.

"त्या पहाटे तोंड उघडा रवला होता त्यांचा," त्या हळूच म्हणाल्या. "लोकांनी तसा बघूक नको म्हणान मी बांधलंय. तुम्ही सगळे येवच्या आधी सोडलंय. कोणाक ठावक नाय, सुयोग."

मला पाणी हवं होतं, पण मागवेना.

"मी येतंय बघूक," वहिनी म्हणाल्या. "मुलुंडाक लागलाहा मा?"

मुलुंडच्या त्या थिएटरात आठवड्याचा शेवटचा दुपारचा शो होता. शेट्येसाहेबही आले होते. दारातच ते म्हणाले, "मालाडवाल्यांचं काम तयार आहे, सुयोग. मी चेहरा पाहिला. चांगला केलाय. पण वहिनींसाठी म्हणून एकदा बघतो. आज मला इथे लोक हसताना दिसले नाहीत, तर उद्यापासून नवी कॉपी."

वहिनी, रुचिरा आणि शेट्येसाहेब मध्यभागी बसले. मी त्यांच्याबरोबर बसलो नाही. अगदी शेवटच्या रांगेत, उजव्या भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. त्या रांगेत दुसरं कुणी नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. कोंबड्याने डॉक्टरच्या बोटाला टोच मारली तेव्हा शेट्येसाहेबांचे खांदे हलले. नायक झोपला तेव्हा मीसुद्धा हसलो, कितव्यांदा कोण जाणे. पडद्यावर लवूदादा कसला सुंदर वाईट दिसत होता. असा माणूस पुन्हा होणार नाही.

मग खुर्ची आली.

पहिली खूण.

हॉल हसला. या वेळी अर्धा नाही, सगळा. उठून जाणारं कुणी नव्हतं. वहिनींनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांची पाठ गदगदत होती. त्या हसत होत्या. शेट्येसाहेब पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले होते.

मी डोळे फाडून पडद्याकडे बघत होतो. फाटकी पाठ. वरचा दिवा.

शांतता.

मी मनात ते वाक्य म्हटलं. माझ्या खुणांप्रमाणे त्याला जेवढा वेळ लागायला हवा, तेवढाच लागला.

दुसरी खूण.

हशा उसळला, आणि सगळे वळले. त्या अंधारात तेवढे चेहरे, पडद्याचा उजेड कानांवर घेऊन, माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मग माझ्या लक्षात आलं की त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या किंचित डावीकडे होती.

हशा हळूहळू उतरला. कुणी तोंड फिरवलं नाही.

सुगंधावहिनींनी आपल्या हनुवटीखाली हात नेला आणि गाठ सैल झाली आहे असं कुणाला खुणेनं सांगावं तसं बोट हलवलं.

शेट्येसाहेबांनी हात जोडले. "नाही बदलत, दादा," ते म्हणाले. "एक फ्रेम बदलत नाही. शब्द देतो."

ते माझ्याशी बोलत नव्हते.

पडद्यावर नावं सुरू झाली, लोक उठू लागले. मी मान न वळवता फक्त डोळे डावीकडे नेले. मुलुंडच्या त्या थिएटरातल्या खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. आमच्या सबंध रांगेत सगळ्या मिटलेल्या होत्या.

माझ्या डावीकडची खाली दबलेली होती.