सहाव्या शेतावरची पाहुणी

"आता एक घोटसुद्धा जाणार नाही हो... खरंच नाही!" ऋतुजानं हात जोडले.

समोरचा माणूस बांधावरून हलायलाच तयार नव्हता. त्याच्या एका हातात आंबिलीची कळशी होती, दुसऱ्या हातात वाटी, आणि चेहऱ्यावर अशी नाराजी, की जणू हिनं आंबील नव्हे, त्याचं अख्खं घराणंच नाकारलं!

"पाच शेतांवर जेवलात," तो म्हणाला. "मी हितनं बघत हुतो. मघाच्या शेतावर तर खीर दोनदा घेतलीत. आन् आमच्याच बांधावर न्हाय?"

"तुम्ही लक्ष ठेवून होता माझ्यावर?"

"वेळ अमावास्येला दुसरं काय काम असतंय? खायचं, बसायचं, आन् वाटंनं येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायचं. आता बघण्यासारखं माणूस आलं, तर जरा जास्त बघणं हुतंय..."

ऋतुजाला रागवायचं होतं. पण पोट इतकं भरलं होतं, की रागालाही जागा उरली नव्हती. मागून सोबत आलेल्या केसरबाईंचं खळखळून हसणं ऐकू आलं आणि तिलाही हसू फुटलं. तिनं मुकाट्यानं वाटी घेतली. वाटी देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली—लागली, आणि दोघांनीही ती जरा उशिरानंच बाजूला घेतली.

सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीच्या आसपास वेळ अमावास्येच्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही. सगळी माणसं रानात. ज्वारीच्या मधोमध कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, उभी करायची, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची. मग ओले दाणे आणि पालेभाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली आंबील. वाटेनं जाणाऱ्याला उपाशी सोडायचं नाही, मग तो ओळखीचा असो की नसो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या दिवशी रानात कामाला हात लावायचा नाही.

या शेवटच्या नियमासाठीच तर केसरबाईंनी ऋतुजाला सोलापुरातून ओढून आणलं होतं.

ऋतुजा शुक्रवार पेठेत राहायची आणि चादरींच्या एका कारखान्यात डिझाईन काढायची. चार वर्षं तिनं ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून मोर काढले, पोपट काढले, वेली काढल्या. लोकांनी त्या चादरी अंगावर घेतल्या, लग्नात आहेर म्हणून दिल्या. पण गणपतीपासून काय झालं कोण जाणे, तिचा हातच चालेना. रोज सकाळी नवा कागद घ्यायचा आणि संध्याकाळी खोडरबराचा चुरा झटकून घरी जायचं. कारखान्याचे मालक आप्पा मनानं चांगले. ते रोज प्रेमानं विचारायचे, "काय बाळ, नव्या वर्षाला नवीन काय?" आणि त्या प्रेमानंच तिचा जीव गुदमरायचा.

शेवटी तिनं पुण्यातली एक नोकरी शोधली. ग्राहकांच्या तक्रारींना फोनवर उत्तरं द्यायची. तिथं नवीन काही सुचायची गरज नव्हती. होकार किंवा नकार एकतीस डिसेंबरला, म्हणजे उद्याच, कळवायचा होता. होकार द्यायचा हे तिनं जवळजवळ ठरवलंही होतं. रडू तेवढं येत होतं.

केसरबाई कारखान्याच्या शिलाई खात्यात. त्यांनी हे ओळखलं आणि थेट आप्पांना सांगितलं, "पोरगी सुकत चाललीया. एक दिवस माझ्यासंगं धाडा." निघताना ऋतुजाच्या पिशवीतली वही आणि पेन्सिल त्यांनी काढून घेतली आणि फळीवर वर ठेवली.

"हे आमच्या पलीकडच्या रानातलं चन्नवीर," केसरबाई आता म्हणाल्या. "आन् ही आमची ऋतुजा. चादरीवरची चित्रं हीच काढती बरं का!"

चन्नवीरचा चेहरा एकदम बदलला. मघाचा आगाऊपणा कुठल्या कुठे पळाला.

"ऋतुजा... म्हंजे त्या? कागदाच्या कोपऱ्यात सही करताना 'जा'चा काना खाली लांब ओढता, त्या?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तीन वर्षं झाली की! तुमचा ग्राफ माझ्याकडंच येतोय. मी कार्ड पंचिंग करतो, सोलापुरात. तुमी रंगवलेला एक-एक चौकोन बघून मी कार्डाला भोकं पाडतो, तवा कुटं तुमचा मोर मागावर चढतोय."

ऋतुजा बघतच राहिली. आपला कागद कारखान्यातून बाहेर जातो आणि कार्डांची चळत होऊन परत येतो, एवढंच तिला ठाऊक होतं. मधे एक माणूस बसलेला असतो, तो प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून आपलं चित्र वाचतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. उगीचच तिनं ओढणी सारखी केली.

कोपीजवळ त्याची आई बसली होती. तिला तो अव्वा म्हणत होता. ऋतुजाला बघताच अव्वानं पत्रावळ पुढे ओढली. "ऊटा माडरी, ऊटा माडरी!" जेवा, जेवा म्हणत तिनं भज्जीचा असा डोंगर वाढला, की ऋतुजाचे डोळेच पांढरे झाले. चन्नवीरनं आईचं लक्ष नाही असं बघून त्यातला अर्धा डोंगर गुपचूप आपल्या पानात घेतला. ऋतुजाला तो त्या क्षणी फार आवडला. कसलाही विचार न करता, सरळ आवडला.

जेवण झाल्यावर तिचे डोळे मिटायला लागले. चन्नवीरनं लिंबाखाली वाकळ अंथरली.

"झोपा."

"छे! परक्या शेतात, भर दुपारी?"

"आज हितं जागं राहणं बी काम धरत्यात, आन् कामाला तर बंदी हाय."

ती नुसती पाठ टेकायची म्हणून आडवी झाली. अंगावर ऊन-सावली हलत होती. ज्वारीच्या पात्यांची सळसळ, लांबून अव्वा आणि केसरबाईंचं कानडी-मराठी मिसळलेलं बोलणं... आणि मग काहीच नाही. कित्येक महिन्यांत ती अशी झोपली नव्हती. स्वप्नातसुद्धा एकही चौकोन आला नाही.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. चन्नवीर थोडा दूर, तिच्याकडे पाठ करून हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता.

"घोरत हुतात," तो मागे न बघताच म्हणाला.

"मी अजिबात घोरत नाही!"

"मग शेळी असंल."

तिनं शेजारी पडलेला एक घाटा त्याला फेकून मारला. त्यानं वळून तो झेलला, सोलला आणि जवळ येऊन दाणे तिच्या तळहातावर ठेवले. हिरवेगार, किंचित आंबटसर. दोघं खात बसले. मग तिनंच सांगून टाकलं—हात थांबल्याचं, पुण्याचं, उद्याच्या दिवसाचं.

"मला कळलं हुतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"गणपतीनंतर तुमचा एकच ग्राफ आला. वेलीचा. त्यात पान न् पान बरोबर हुतं. आधी तुमची पानं कशी... कुटं बी वळायची. एकदा तर पोपटाची शेपूट काठाच्या भाईर गेलती! मी एकटाच हसत बसलो हुतो. ह्या वेलीत तसलं कायच न्हाय. मला वाटलं, ह्या बाई लई दमल्यात. कुणीतरी सांगायला पायजे ह्यांना, की बसा जरा."

ऋतुजाचे डोळे भरून आले. सहा जणांनी तिला नव्या कल्पना सुचवल्या होत्या, दहा जणांनी धीर दिला होता. 'दमलीस' असं मात्र कुणीच म्हणालं नव्हतं.

"आणि पुढं काही सुचलंच नाही तर?" तिनं विचारलं. "कधीच नाही सुचलं तर?"

चन्नवीरनं सालपटं झटकली. आता तो थेट तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"न्हाय सुचलं तर न्हाय. मी आधी चित्रांवरच खुळा झालो हुतो, खोटं कशाला बोलू? पण आज दिवसभर मी कुटं चित्र बघितलं? भज्जी बघून घाबरणारी बाई बघितली. झोपेत शेळीगत घोरणारी बघितली... ती मला चित्रापरास लई आवडली. तिनं जल्मभर एक चौकोन न्हाय रंगवला, तरी मला चालंल."

तेवढ्यात अव्वानं हाक मारली. आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची वेळ झाली होती. चन्नवीरनं कळशी उचलली, तर ऋतुजानं तिच्या काठाला हात लावला. "अर्धं ओझं माझं," ती म्हणाली. मग दोघं मधे कळशी धरून, ज्वारीच्या कडेकडेनं, सावकाश चालत राहिले. फेरी लवकर संपू नये असं तिला मनापासून वाटत होतं. आंबील सांडून दोघांचेही पाय पांढरे झाले.

बसथांब्यावर केसरबाई मुद्दाम चार पावलं लांब उभ्या राहिल्या. लांबूनच सगळं ऐकायचं हा त्यांचा बेत होता.

"नंबर देऊ माझा?" ऋतुजानं विचारलं.

"तीन वर्षं झाली, हाय की माझ्याकडं. कागदावर सहीखाली कारखान्यानंच छापलाय तुमचा. 'ग्राफमध्ये शंका असल्यास फोन करावा.'"

"मग कधी केला का नाहीत?"

"शंकाच कुटं आली? लई शोधली हो..." तो मान खाली घालून म्हणाला. "चूक सापडंना तुमची. मग कामाबिगर कसा करायचा?"

बस आली. ती चढली. खिडकीतून बोलायला तिनं तोंड उघडलं, पण केसरबाईंनी आधीच खिडकीची जागा पटकावली होती आणि त्याच हात हलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, ऋतुजा कारखान्यात गेली ती थेट आप्पांसमोर उभी राहिली. "आप्पा, पुण्याला एक नोकरी मिळत होती. आत्ताच नाही म्हणून कळवलं. पण नव्या वर्षाचं डिझाईन माझ्याकडं नाही. कधी होईल तेही माहीत नाही. जानेवारीभर मी नुसती बसणार आहे. चालेल?"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "जुनीच चादर विकू की बाळ. थंडी काय नवं डिझाईन मागतीया व्हय?"

ती आपल्या टेबलाशी आली. कोरा कागद समोर होता. त्याची आज भीती वाटली नाही. तिनं त्यावर चहाचा कप ठेवला. एवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता, तरी तिला तो ओळखू आला.

"हॅलो... ऋतुजा? मी चन्नवीर."

"बोला!" तिनं हसू दाबत विचारलं, "काय, सापडली का चूक?"

"न्हाय."

"सापडेल कशी? मी ग्राफच नाही काढला. आज नाही, उद्याही नाही. काही कामच नाही आपल्यात."

"व्हय की," पलीकडून आवाज आला. "म्हणूनच केला."